हावपूरचा राजा

अहमदपूरच्या त्या कॉलेजात स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी मंजुश्रीच्याच गळ्यात पडायचं. ती मराठी शिकवायची, एवढाच तिचा गुन्हा. इंग्रजीचे सर म्हणायचे, आपल्याला नाटकातलं कळत नाही. इतिहासाचे सर म्हणायचे, आपल्याला बीपी आहे. आणि मंजुश्रीला एखादी सबब सुचेपर्यंत प्राचार्य ग्यानोबा सर "ठरलं तर मग" म्हणून चहा मागवून मोकळे व्हायचे.

यंदा मात्र बैठकीत विषय निघायच्या आतच तिनं हात वर केला. ग्यानोबा सर इतके दचकले की चहा मागवायचा विसरले.

"नाटक मी बसवते सर," ती म्हणाली, "आणि लिहिणारपण मीच."

या उत्साहाच्या मुळाशी होतं मुलींचं वसतिगृह. कॉलेजच्या मागच्या अंगाला ती दुमजली इमारत उभी होती. भोकर, रेणापूर आणि कुठल्या कुठल्या आडगावच्या पोरी तिथं राहून शिकायच्या. म्हणजे लग्नसराई नसेल तेव्हा राहायच्या. लग्नसराई आली की इमारतीला लाइटच्या माळा लागत, दारात मंडप पडे आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या कुठल्यातरी सोयऱ्याचं वऱ्हाड खोल्याखोल्यांतून उतरे. पोरींनी आपापल्या पेट्या उचलायच्या आणि ग्रंथालयात जाऊन पडायचं. परीक्षा असो, कुणाला ताप असो. ग्रंथालयाला नळ एकच, तोही बाहेर, पोरांच्या सायकलस्टँडला लागून.

अध्यक्ष म्हणजे चंद्रप्पा अप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. निम्म्या तालुक्याची तूर आणि सोयाबीन त्यांच्या काट्यावर चढायची, आणि उरलेल्या निम्म्या तालुक्याचं वजन अप्पा नुसत्या नजरेनं करायचे. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, कानात अत्तराचा बोळा, तोंडात बडीशेप. आवाज असा की ते मोंढ्यात खाकरले तर बसस्टँडवरचा कंडक्टर डबल बेल द्यायचा. माणूस दुष्ट म्हणावा तर तसंही नव्हतं. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. फक्त संस्था म्हणजे आपलं घर आणि घरातल्या खोल्या आपण कशाही वापराव्यात, याविषयी त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती. आणि शंका आणून देणारं कुणी आसपास नव्हतं.

दिवाळीनंतर पोरींच्या सांगण्यावरून मंजुश्री अप्पांना भेटली होती. "हाव हाव, बराबर हाय तुमचं, बघू," अप्पा म्हणाले. हाव म्हणजे त्या भागातलं हो. पुढच्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आपलं कसं हाय, हॉस्टेलच्या पोरी खूश हायत न्हवं?" ग्यानोबा सर म्हणाले, "हाव अप्पा." त्यांच्या शेजारचे म्हणाले, "हाव अप्पा." असं करत करत ते हाव टेबलाला वळसा घालून मंजुश्रीपाशी आलं, आणि तिच्या तोंडातूनही तोच शब्द बाहेर पडला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. संक्रांतीच्या सुट्टीत तिनं नाटक लिहायला घेतलं.

नाटक होतं हावपूर नावाच्या गावाचं. तिथल्या राजानं 'न्हाई' या शब्दावर बंदी घातलेली असते. राजा म्हणेल त्याला हाव म्हणायचं. राजा भर दुपारी म्हणतो, रात्र झाली. की सगळं गाव दिवे लावून घोरायला लागतं. कोतवाल घरोघर भिंतीला कान लावून हिंडतो. तान्ह्या लेकरानं दूध नको म्हणून मान हलवली तरी आईबापाची दरबारात पेशी लागते. शेवटी एक मुलगी दरबारात उभी राहून 'न्हाई' म्हणते. मग कोतवाल म्हणतो, मग प्रधान, मग अख्खं गाव. राजा सिंहासनावर एकटा उरतो.

ग्यानोबा सरांनी ते केबिनचं दार लावून वाचलं. पंखा चालू होता, तरी रुमाल ओला झाला.

"मॅडम, ह्यो राजा कोन हाय?"

"काल्पनिक आहे सर."

"काल्पनिक हाय तर मग दर वाक्याला 'आपलं कसं हाय' का म्हणतो?"

"म्हणत असतील सर राजेलोक."

"आन् कानात अत्तराचा बोळा?"

"राजे अत्तर लावायचेच की सर."

"आन् बडीशेप?"

बडीशेप कुठून आली हे मंजुश्रीलाही सांगता आलं नसतं. हात लिहीत गेला होता.

सरांचा आवाज एकदम खाली आला. "आन् ह्यो प्रधान? राजानं तोंड उघडायच्या आधीच हाव म्हणतो. ह्यो कोन हाय?"

"तोसुद्धा काल्पनिकच, सर."

"हाव का," म्हणून सर खुर्चीत टेकले. बराच वेळ छताकडं बघून त्यांनी निर्णय दिला. "मी परवानगी देत बी न्हाई, आन् अडवत बी न्हाई. अप्पांकडं चला."

मोंढ्यात अप्पा गादीवर लोडाला टेकून बसले होते. "शरणार्थ अप्पा," म्हणून हात जोडून दोघं बसले. अप्पांचा चष्मा घरी राहिला होता. "वाचून दावा बाई," ते म्हणाले. "मोठ्यानं वाचा, हमाल लोकांना बी ऐकू द्या."

मंजुश्रीनं वाचायला सुरुवात केली. पहिली पानं तिनं खाली मान घालून वाचली. पण दुपारी रात्र होते त्या जागेला एक हमाल फिस्सकन हसला, आणि पाठोपाठ अप्पा असे हसले की पोट दोन्ही हातांनी धरावं लागलं. ग्यानोबा सरांनी डोळे मिटून घेतले. वाचन संपलं तेव्हा अप्पा गंभीर झाले होते.

"ह्यो राजा कोन हाय, मला मालूम हाय," ते म्हणाले.

ग्यानोबा सर ताडकन उभे राहिले. "अप्पा, माझा काही संबंध न्हाई. मी फकस्त—"

"बसा वो सर. ह्यो उदगीरकडचा हाय." अप्पांनी लोडावर थाप मारली. "तिकडचा त्यो संस्थावाला! हुबेहूब त्योच. स्टाफला नुसतं हाव म्हनायला लावतो. लई जुलमी मानूस. बाई, तुमी त्याला बराबर पकडला."

मंजुश्रीचं तोंड उघडं राहिलं. ग्यानोबा सर मात्र सावरले. "हाव अप्पा," ते म्हणाले, "त्योच."

"बडीशेप कशी काय पन?" अप्पांना क्षणभर कोडं पडलं. मग चिमूटभर तोंडात टाकत त्यांनीच ते सोडवलं. "खात असंल. समदेच खातात." आणि पुढं वाकून म्हणाले, "ह्यो राजा पोरासोरांचं काम न्हाई. त्या उदगीरवाल्याची नक्कल माझ्याइतकी कुनाला जमायची न्हाई. राजा मी करतो."

परत येताना ग्यानोबा सर मोंढ्याच्या फाटकाशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये चांगलं झालं का वाईट झालं?"

"मलाच कळेना सर," मंजुश्री म्हणाली.

तालमी सुरू झाल्या. मुलीची भूमिका धम्मप्रियाकडं होती. भोकरकडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, वसतिगृहातच राहणारी. अंगानं किडकिडीत, पण शब्द असा टाकायची की मागच्या बाकावरचा झोपलेलाही उठून बसावा. कोतवाल होता सत्यम, कबड्डीच्या संघातला आडदांड गडी. प्रधानाचं काम अप्पांनी स्वतः वाटलं. "ग्यानोबा सरांना द्या. हाव त्यांच्यासारखं कुनाला म्हनता येत न्हाई." सर हाव म्हणाले.

अप्पा अभिनयाच्या तयारीनं यायचे. उदगीरवाला कसा बसतो, कसा बघतो, हे आधी सगळ्यांना समजावून सांगायचे. मग सिंहासनावर बसायचे आणि रोज मोंढ्यात बसतात तसेच बसायचे. रोज बघतात तसेच बघायचे. पोरं हसू दाबायला पडद्यामागं पळायची.

"कसं जमून राहिलंय बाई?"

"अगदी जिवंत, अप्पा."

"जवळून बघितलाय न्हवं मी त्याला," अप्पा समाधानानं म्हणायचे.

ग्यानोबा सरांना पाठांतर अजिबात होत नव्हतं. बाजूच्या पडद्याआड मंजुश्री संहिता घेऊन उभी राहायची आणि त्यांना एकेक शब्द पुरवायची. ती शिंकली तर सर वाक्य समजून तेही शिंकतील, असं सत्यम म्हणायचा.

एका तालमीत अप्पा दरबारात उठून उभे राहिले आणि गरजले, "आपलं कसं हाय, रविवारी रेणापूरच्या पाव्हन्यांचं लगीन हाय. वऱ्हाड शनिवारीच येनार. पोरींनी शुक्रवारी महाल खाली करावा!"

"हाव महाराज!" दरबार एका सुरात म्हणाला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. नवीन डायलॉग झकास होता. मंजुश्री संहितेची पानं उलटून तो कुठं बसवावा हे बघायला लागली.

"टाळ्या काय वाजवता?" अप्पा मुकुट काढून म्हणाले. "खरंच सांगून राहिलो. हॉस्टेल खाली करा."

हुकूम राजाचा की अध्यक्षांचा, हे समजायला पोरींना जेवढा वेळ लागला तेवढ्यात अप्पा गाडीत बसून निघूनही गेले. आणि हाव तर सगळ्यांनी आधीच म्हणून ठेवलं होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी अप्पांना शेवटाची अडचण यायला लागली. मुकुट डोक्यावर बसायला लागल्यापासून त्यांना तो उतरवणं जड जात होतं.

"बाई, शेवटी राजा एकटाच का पडतो?"

"तोच तर शेवट आहे अप्पा."

"समदं गाव हसून राहिलंय, आन् मी मधी उभा. रुबाब जातो. त्यापरीस असं करू. पोरगी म्हनते, हाव महाराज, चुकले. राजा तिला माफ करतो. पब्लिकला बी बरं वाटतं."

"मग नाटकाला अर्थच राहत नाही अप्पा."

"अर्थ गेला तर जाऊ द्या. राजा जायला नको."

मंजुश्रीनं ग्यानोबा सरांकडं पाहिलं. सर आपल्या चपलेचा अंगठा न्याहाळत होते. "हाव अप्पा," ती म्हणाली. संहितेच्या शेवटच्या पानावर नवं पान टाचलं गेलं. धम्मप्रिया जाताना एवढंच म्हणाली, "मॅडम, तुमी बी हावपूरच्याच का?" आणि पेटी आवरायला निघून गेली.

शनिवारी स्नेहसंमेलन होतं. त्याच दिवशी कॉलेजची तपासणी करायला बाहेरून एक समिती आली. हे ग्यानोबा सरांनीच जुळवून आणलं होतं. सांस्कृतिक कार्यक्रम दिसला की गुण चांगले पडतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. लग्नाचं काही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

समितीच्या प्रमुख एक बाई होत्या. पांढरे केस, कापडी पिशवी, आणि प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत समोरच्याकडं बघत राहायची वाईट सवय. वसतिगृहाला झेंडूच्या माळा आणि कमान बघून त्या म्हणाल्या, "अहो, आमच्यासाठी एवढं कशाला?" वधूवरांच्या नावाच्या पाटीवर ग्यानोबा सरांनी सकाळीच 'सुस्वागतम' चिकटवून घेतलं होतं. "आपलं स्वागत म्हंजे आमचं भाग्य," सर म्हणाले. आतून बुंदी तळल्याचा वास येत होता.

"ग्रंथालय दाखवा."

"ग्रंथालयात वाळवीचं औषध मारलंय, मॅडम. आज उघडता येत न्हाई. डोळे चुरचुरतात."

बाई सरांकडं बघत राहिल्या. सरांचे डोळे औषधाशिवायच चुरचुरायला लागले.

दुपारी मैदानावर मंडप तुडुंब भरला. पोरं, पोरींचे आईबाप, मोंढ्यातले व्यापारी, झाडून सगळे हमाल. पहिल्या रांगेत समिती. अप्पा मुकुट घालून सिंहासनावर बसले आणि पहिल्याच वाक्याला, "आपलं कसं हाय," म्हणताच मंडप फुटला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. कुणाची नक्कल चाललीय हे कुणाला सांगावं लागलं नाही. अप्पांना एवढी टाळी आयुष्यात मिळाली नव्हती. ते खुलले. डोक्यावर ऊन तळपत असताना त्यांनी रात्र झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा दरबाराबरोबर मागच्या रांगेतले हमालही घोरायला लागले.

खुललेला माणूस ठरलेल्या वाटेवर राहत नाही. शेवटचा प्रवेश आला, धम्मप्रिया दरबारात येऊन उभी राहिली, आणि अप्पांची नजर पहिल्या रांगेतल्या बाईंवर गेली. संस्थेची चार शब्द जाहिरात करायला याहून चांगली वेळ कुठली?

"मुली," ते संहिता सोडून म्हणाले, "भिऊ नको. सांग समद्यांना. माझ्या राज्यात तुमी पोरी सुखात हायत न्हवं?"

पडद्याआड मंजुश्रीनं भराभर पानं उलटली. हे वाक्य दोन्ही शेवटांत कुठंच नव्हतं.

धम्मप्रियानं अप्पांकडं पाहिलं. मग लोकांकडं पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली.

अप्पा पुढं वाकून कुजबुजले. पण त्यांचं कुजबुजणं म्हणजे माइकची गरज नाही असं. "अगं, त्यो डायलॉग काढला हुता की!"

लोक खो खो हसले.

"काढला हुता महाराज," धम्मप्रिया म्हणाली, "पर त्यो गेला न्हाई. उद्या तुमच्या महालात लगीन हाय. आमच्या पेट्या ग्रंथालयात हायत. तिथं वाळवी न्हाई महाराज, तिथं आमी हाव!"

समितीच्या बाईंनी मान वळवून पाहिलं. ग्यानोबा सर नेमके प्रधान म्हणून रंगमंचावर होते, त्यामुळं त्यांना लपायला जागा नव्हती.

"कोतवाल!" अप्पा ओरडले. आता ते राजा म्हणून ओरडत होते की अध्यक्ष म्हणून, त्यांनाही ठाऊक नसावं. "धरा हिला!"

सत्यम भाला घेऊन दोन पावलं पुढं आला. धम्मप्रियाच्या शेजारी उभा राहिला आणि भाला खाली ठेवून म्हणाला, "न्हाई महाराज."

"प्रधानजी! तुमी सांगा. ह्या पोरी खूश हायत न्हवं?"

ग्यानोबा सरांनी सवयीनं तोंड उघडलं, आणि त्याहून जुन्या सवयीनं कान पडद्याकडं लावला. सगळं कॉलेज त्यांच्या तोंडाकडं बघत होतं आणि सर मंजुश्रीच्या तोंडाकडं.

मंजुश्रीच्या हातात दोन्ही पानं होती. टाचलेलं पान वर, जुनं खाली. एक शब्द द्यायचा होता. तिला नोकरी आठवली. घरी सासूबाईंना काय सांगायचं तेही आठवलं. दिवाळीनंतरची ती बैठक आठवली, टेबलाला वळसा घालून आपल्यापाशी आलेलं ते हाव आठवलं. तिनं स्पष्ट म्हटलं, "न्हाई."

"न्हाई," ग्यानोबा सर इमानेइतबारे म्हणाले.

आणि आपण काय म्हणालो हे ऐकून ते इतके घाबरले की अंदाज घ्यायला पुन्हा एकदा म्हणाले, "न्हाई?" काहीच झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा जरा चव घेतल्यासारखं म्हटलं, "न्हाई!" इतिहासाचे सर बीपी विसरून बाकावर उभे राहिले. मागच्या रांगेतल्या हमालांनी तो शब्द उचलला, पोरींनी उचलला, आणि बघता बघता सगळा मंडप न्हाई न्हाई म्हणून गर्जायला लागला.

अप्पा सिंहासनासमोर एकटे उभे होते. मंजुश्रीला पडद्याआडून त्यांचा चेहरा दिसत होता. ते एकेका तोंडाकडं बघत होते: आडतीवरचा हमाल, शेजारचा व्यापारी, स्वतःचा प्राचार्य. हळूहळू त्यांचा हात कानाकडं गेला आणि अत्तराच्या बोळ्यापाशी थांबला. हा राजा उदगीरचा नाही, हे त्यांना त्या घटकेला कळलं. मंजुश्रीला आत कुठंतरी वाईट वाटलं. इतक्या लोकांदेखत आरसा बघायची पाळी कुणावर येऊ नये.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या. त्या उभ्या राहिल्या म्हणून समिती उभी राहिली, समिती उभी राहिली म्हणून सगळा मंडप. अप्पांनी ती टाळी ऐकली. अशी कडकडून टाळी त्यांच्या सत्काराला कधी पडली नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी मुकुट काढला, जमिनीवर ठेवला आणि छातीवर हात घेऊन असे काही कोसळले की खालच्या फळ्या हादरल्या. मरण नाटकात नव्हतंच. पण लोकांना फार आवडलं.

चहाच्या वेळी केबिनमध्ये बाई म्हणाल्या, "अध्यक्ष स्वतः जुलमी राजा होतात आणि मुलींना सगळ्यांसमोर बोलू देतात, अशी संस्था मी पाहिली नव्हती. चला, आता ते ग्रंथालय उघडा."

अप्पांनी बडीशेप चघळली. सगळी केबिन त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"आपलं कसं हाय मॅडम," ते सावकाश म्हणाले, "त्ये आमी नाटकात मुद्दाम घेतलं. पोरी आत्ताच हॉस्टेलला माघारी जाऊन राहिल्या. सर, पेट्या उचलायला लावा."

"आन् वऱ्हाड?" ग्यानोबा सरांनी विचारलं. त्यांना आज प्रश्न सुचत होते.

"वऱ्हाड माझ्या घरी."

हे अप्पांनी कमलम्मांना विचारलं नव्हतं. कमलम्मा म्हणजे त्यांची बायको. त्या मंडपात पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून नाटक बघून आल्या होत्या. नवऱ्यानं घरात पाऊल टाकून वऱ्हाडाचं सांगितलं तेव्हा त्यांनी कणीक मळता मळता मान वर न करता उत्तर दिलं, आणि ते एकाच शब्दाचं होतं. त्यामुळं रेणापूरचं अख्खं वऱ्हाड मोंढ्यातल्या गोदामात सोयाबीनच्या पोत्यांवर उतरलं. नवऱ्या मुलाची आत्या मंगलाष्टकांच्या वेळी एकसारखी शिंकत होती आणि लोकांना वाटलं तिला गहिवर आलाय.

सोमवारी अप्पांनी मंजुश्रीला बोलावून घेतलं. नोकरी गेली असं धरूनच ती गेली. गादीवर अप्पा एकटेच होते.

"बाई, खरं सांगा. त्यो राजा कोन हुता?"

बाहेर कुणीतरी काट्यावर पोतं टाकलं. मंजुश्रीनं पदर सारखा केला.

"तुम्ही, अप्पा."

अप्पांनी चिमूटभर बडीशेप हातात घेतली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "आन् उदगीरवाला?"

"त्यांना मी कधी बघितलंच नाही."

"त्यो बी असाच हाय," अप्पा पुटपुटले. त्यांना त्यात थोडा आधार वाटला असावा. मग घसा खाकरून ते मूळ मुद्द्यावर आले. "लातूरला एकांकिकांची स्पर्धा हाय. आपलं नाटक न्यायचं. फकस्त शेवट—"

"शेवट तोच राहील अप्पा."

अप्पांनी डोळे मोठे केले. निम्म्या तालुक्याचं वजन करणारी ती नजर मंजुश्रीवर येऊन थांबली. ती हलली नाही.

"टाळ्या तिथंच पडतात," तिनं पुढं जोडलं.

अप्पा विचारात पडले. मनातल्या मनात त्यांनी ती टाळी पुन्हा ऐकली असावी, कारण चेहरा सैल झाला. "बरं," ते म्हणाले. "पडतो एकटा. पन मरन ठेवायचं."

मरण ठेवलं गेलं. वसतिगृहाच्या दारातली कमान उतरली. ग्यानोबा सर मात्र पुन्हा हाव म्हणायला लागले. फक्त आता म्हणायच्या आधी ते थोडं थांबायचे, आणि तेवढ्या थांबण्यानंही बैठकीत सगळे सावरून बसायचे.

स्पर्धेला निघायच्या दिवशी मंजुश्री आणि धम्मप्रिया बसस्टँडवर आल्या तर समोर भलाथोरला फ्लेक्स लागलेला. मुकुट घातलेले अप्पा, खाली ठळक अक्षरांत: लेखक, दिग्दर्शक व नायक, मा. चंद्रप्पा अप्पा. प्रधानाचा फोटो कोपऱ्यात होता. मंजुश्रीचं नाव कुठंच नव्हतं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "बघितलंस? शब्द न् शब्द मी लिहिला. आणि हा माणूस... मी नाही येणार लातूरला. करा तुमचं तुम्ही."

धम्मप्रियानं फ्लेक्स नीट वाचला. मग ती हसायला लागली. "मॅडम, त्यांनी स्वतःच्या नावानं लिहून घेतलंय. म्हंजे त्ये 'न्हाई' बी त्यांनीच लिहिलं. आता त्यांना त्यातलं एक बी वाक्य चुकलं म्हनून बदलता यायचं न्हाई."

"ते खरं. पण माझं नाव?"

"त्याचं भांडण लातूरहून आल्यावर करू. मी असते तुमच्यासंगं." लातूरची गाडी फलाटाला लागत होती. पोरं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला धावली, आणि त्या गर्दीत सगळ्यांत पुढं, मुकुटाची पिशवी छातीशी धरून, अप्पा घुसत होते. कलाकारांनी एकत्र जावं म्हणून त्यांनी आपली गाडी घरी ठेवली होती. धम्मप्रियानं मंजुश्रीच्या हातातली बॅग घेतली.

"चला वो मॅडम. लातूरला बी कुनाचं तरी हॉस्टेल खाली होत असंलच की."

मंजुश्रीनं एकदा त्या फ्लेक्सकडं पाहिलं. मग साडीचा पदर खोचून ती गर्दीत शिरली.